गावची राखण

मंडळी, नागपूरच्या नंदनवनातल्या या वर्गाला तुम्ही आसपासच्या खेड्यांतून येता. रात्री परतताना घरादाराची काळजी वाटतेच ना? म्हणून आज आम्ही राखणीविषयी बोलणार आहोत.

पूर्वी गावोगावी जागल्या असे. आता 1967 च्या कायद्याप्रमाणे पोलीस पाटील नेमतात. गुन्ह्याची खबर ठाण्यावर पोहोचविणे हे त्याचे काम. पण एकटा माणूस रात्रभर किती फिरणार? म्हणून तरुण मंडळी पाळीपाळीने गस्त घालतात. दूर इंडोनेशियात, जावा बेटावरही खेड्यांतले लोक अशीच गस्त घालतात. त्यांच्याकडे पोकळ लाकडाचा ठोकळा असतो. तो बडविला की गाव जागे होते. आपण थाळी वाजवू, एवढाच फरक.

पण जागे झालेले गाव पुढे काय करते? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे आली होती. भिक्षा मागून पोट भरणारी, गरीब. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. चोर नव्हतेच हो ते!

अनोळखी माणूस दिसला, तर आधी त्याला बसवा. पाणी द्या. नावगाव विचारा. शंका राहिली तर पोलीस पाटलाला बोलवा. तो घरी नसला तर फोनवर 112 दाबा. आणि पोलीस येईपर्यंत दोन वडीलधारी माणसे त्या पाहुण्याजवळ बसवून ठेवा, म्हणजे त्याच्या अंगाला कुणी हात लावणार नाही.