बंद कानामागील जागी श्रवणशक्ती



काही बालके जन्मतःच अविकसित कान घेऊन येतात. बाह्यकर्ण इवलासा असतो आणि श्रवणमार्ग बंद असतो. ट्रेचर कॉलिन्स या विकारात दोन्ही कानांबरोबर गालाची हाडे व खालचा जबडाही लहान राहतो. अशा वेळी घरात पहिला प्रश्न मातेला विचारला जातो : ‘ग्रहणात काही चिरले होते का?’ या दूषणाला शास्त्राचा आधार नाही. हा विकार जनुकातील बदलामुळे होतो. तो मातेच्या वर्तनाचा परिणाम नव्हे.

याहून घातक चूक म्हणजे ‘मूल मोठे झाले की शस्त्रक्रिया करू’ म्हणून स्वस्थ बसणे. बरगडीच्या कूर्चेपासून कान घडविण्यासाठी सहा ते दहा वर्षांचे वय लागते, हे खरे. परंतु भाषा तोवर थांबत नाही. तिचा पाया पहिल्या तीन वर्षांतच घातला जातो.

बहुतांश बालकांचे अंतःकर्ण शाबूत असते. ध्वनी केवळ वाटेत अडतो. मग कवटीच्या हाडातून कंपने पाठविली तर? टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी दाखविले होते. त्याच आधारे १९७७ मध्ये गोथेनबर्ग येथे अँडर्स शेलस्ट्रम यांनी कानामागील हाडात छोटा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडले. मुलांमध्ये हाड पुरेसे जाड होण्यासाठी साधारण पाच वर्षे थांबावे लागते. तोवर तेच यंत्र मऊ पट्ट्याने डोक्यावर बांधता येते, अगदी तान्ह्या वयातही.

श्रवणमार्ग उघडण्याची शस्त्रक्रियाही आहे. पण ती सर्वांसाठी नाही. सीटी स्कॅनवरून मध्यकर्णाच्या रचनेला दहापैकी गुण दिले जातात. ट्रेचर कॉलिन्स विकारात ते बहुधा कमी पडतात. शिवाय उघडलेला मार्ग पुन्हा आक्रसू शकतो. हाडातील स्क्रूभोवतीची त्वचाही नित्य स्वच्छ ठेवावी लागते, अन्यथा जंतुसंसर्ग होतो.

म्हणून क्रम ध्यानी ठेवावा : पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व वाणीचे शिक्षण. एकच कान बंद असला, तरी दुसऱ्याची चाचणी टाळू नये. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात श्रवणदोषाचा समावेश आहे. चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

चेहऱ्याची दुरुस्ती सवडीने होऊ शकते. आईची हाक मात्र बाळापर्यंत आजच पोहोचली पाहिजे.