लुसीचं हसू अजून ताजं



जुना टीव्ही कार्यक्रम पाहताना
चित्र कधी धूसर दिसतं.
कारण साधं आहे.
अमेरिकेत तेव्हा बरेच कार्यक्रम थेट सादर व्हायचे.
जपून ठेवायचे,
तर टीव्हीच्या पडद्यासमोरच कॅमेरा लावत.
चित्राचं चित्र ते!

१९५१ साली ‘आय लव्ह लुसी’ ही विनोदी मालिका आली,
ती मात्र सिनेमाच्या फिल्मवर.
तीन कॅमेरे एकाच वेळी चालू.
समोर खरेखुरे प्रेक्षक.

छायालेखक होते कार्ल फ्रॉइंड,
‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट टिपणारे!
तिन्ही कॅमेऱ्यांना चालेल असा प्रकाश त्यांनी साधला.
केवढं अवघड काम!

म्हणूनच मालिकेची नायिका लुसिल बॉलच्या डोळ्यांतली चमक
आजही लख्ख दिसते.
सिनेमाची फिल्म होती, मंडळी, म्हणून.

कधी पाहिलीत, तर मागचा हशाही ऐका.
समोर बसलेल्या माणसांचा आहे तो.