नाडी चढली म्हणजे व्यायाम झाला काय?



ट्रस्टच्या या महोत्सवात व्यायामाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा झाली आहे. वडोदऱ्यात हा विषय काढला की प्रथम जुम्मादादांचे नाव घेणे आम्ही कर्तव्य समजतो. या मुसलमान उस्तादांचे शिष्य प्रा. माणिकराव. त्यांनी वाढविलेले व्यायाममंदिर आजही गुरूच्याच नावाने ओळखले जाते. ज्या गावी अशी परंपरा, तेथे चाळिशीतच जिना चढताना आपण धापा टाकाव्यात, हे बरे दिसत नाही.

हल्ली ‘कार्डिओ’ आणि ‘एरोबिक’ हे शब्द तरुणांच्या तोंडी असतात व दोहोंचा अर्थ एकच समजला जातो. पहिल्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतील ‘हृदय’ आहे, दुसऱ्याच्या मुळाशी ‘हवा’. हृदयाची गती वाढवून त्यास कामास लावतो तो कार्डिओ. स्नायूंना लागणारी शक्ती मुख्यतः प्राणवायूच्या साह्याने मिळते, आणि म्हणून जो बराच वेळ चालू ठेवता येतो, तो एरोबिक. अमेरिकेतील डॉ. केनेथ कूपर यांच्या १९६८ सालच्या पुस्तकाने हा शब्द लोकप्रिय केला.

शंभर मीटर धावणाऱ्याचे हृदय धडधडते. परंतु तेवढ्या वेळात प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. स्नायू साखर अर्धवट वापरून काम भागवितात आणि दम लवकर संपतो. झपाझप मारलेल्या जोर-बैठकांचेही तसेच. कमाटीबागेत भरभर चालणे, सायकल, पोहणे, लयीत खेळलेली लेझीम यांत मात्र श्वास आणि श्रम यांचा मेळ बसतो. तेव्हा प्रत्येक एरोबिक व्यायाम कार्डिओ आहे. पण छाती धडधडविणारे सारेच एरोबिक नाही. परीक्षेच्या निकालादिवशीही नाडी जलद चालते. त्यास कोणी व्यायाम म्हणत नाही!

हा शब्दांचा काथ्याकूट नाही. वर्षानुवर्षे पेढीवर बसलेला गृहस्थ एके दिवशी मुलांबरोबर जोराने धावू लागतो, तेव्हा सवय नसलेल्या हृदयावर तो भलताच भार टाकतो. नित्याचे चालणे हृदयास हळूहळू तयार करते. एका ठोक्यात अधिक रक्त पुढे जाते व विश्रांतीच्या वेळी नाडी संथ होते. खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, गाता येऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. आपल्या जुन्या हिशेबाने रोजची एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, त्यास पुरते. छातीत दुखणे वा मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारून आरंभ करावा. घरकामाने भगिनींचे अंग दुखते खरे, परंतु ते काम थांबत थांबत होते. ती एक घटका त्यांना मोकळी करून देणे घरातील पुरुषांचे काम आहे.

एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.