संघाची धुरा कोणाच्या हातीं?

फुटबॉलचा सामना दीड तासांत संपतो. पण संघाचा पुढचा कारभारी कोण असावा हा वाद महिनोन्‌महिने संपत नाहीं. इंग्लंडांतील एखाद्या मोठ्या क्लबाचा मॅनेजर पद सोडून गेला, कीं त्या शहरांतील पानगृहें, आगगाड्या आणि न्हाव्यांचीं दुकानें या एकाच प्रश्नानें दुमदुमूं लागतात. एकाला संघाचा जुना, नांवाजलेला खेळाडू त्या जागीं हवा असतो. दुसऱ्याला परदेशांतील कोणी डावपेंचांचा पंडित हवा असतो. तिसरा हिशेबी गृहस्थ म्हणतो, कीं तिजोरींत पैसा नाहीं, तेव्हां गांवच्याच पोरांना तयार करणारा माणूस आणावा. या तिघांपैकीं कोणालाहि मत देण्याचा अधिकार नसतो. तरीहि निवडणूक जणूं त्यांच्याच मतावर अडून राहिली आहे अशा आवेशानें ते भांडतात.

हा प्रकार पाहून हंसण्याचें आपल्याकडे कोणाला कारण नाहीं. कोल्हापुरांत पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हां मैदानावर खेळाडू अकरा असले तरी झुंजत असते ती सबंध पेठ. कुस्तीच्या तालमींतून वाढलेल्या या संघांचा अभिमान बापाकडून मुलाकडे वारशानें जातो आणि त्या वारशाबरोबर संघ कोणी चालवावा याविषयींचें ठाम मतहि जातें. पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत भाताचीं कामें उरकल्यावर गांवोगांवचीं पोरें कबड्डीला किंवा क्रिकेटला उभीं राहतात. तेथेंहि खेळाआधीं प्रश्न निघतो तो हाच, कीं संघाचा पुढारी कोण?

प्रेक्षकानें या प्रश्नांत इतका जीव कां घालावा? संघ त्याच्या मालकीचा नसतो, हें खरें. परंतु संघाला जें नांव असतें तें त्याच्या गांवाचें, पेठेचें किंवा देशाचें असतें. आणि ज्याच्या हातीं संघ, त्याच्या हातीं तें नांव. खेळाडूचें कौशल्य पाहून टाळ्या वाजविणें सोपें असतें. त्याच माणसाच्या आज्ञेंत दहाजणांनीं वागावें हें मान्य करणें मात्र फार अवघड जातें. म्हणूनच, संघांत कोण आहे यापेक्षां संघाच्या शिरावर कोण आहे, यावरून त्या समाजाचें मन अधिक स्पष्ट ओळखतां येतें. याची कसोटी लागलेला सर्वांत मोठा प्रसंग महाराष्ट्रांत फुटबॉलच्या नव्हे, तर क्रिकेटच्या मैदानावर घडला. क्रिकेटमध्यें मॅनेजर हा पुष्कळ काळ प्रवासाची, मुक्कामाची व खर्चाची व्यवस्था पाहणारा गृहस्थ असे. संघाची खरी धुरा कप्तानाकडे असे. त्यामुळें येथील वाद झाला तो कप्तानपदाचा.

पळवणकर बाळू हे तत्कालीन समाजानें अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजांत जन्मले. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर ते मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. तेथें जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या नामांकित फलंदाजास तासन्‌तास चेंडू टाकतां टाकतां त्यांची डावखुरी, संथ गोलंदाजी धारदार झाली. पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांना हरवावयाचें होतें, म्हणून त्यानें बाळूंना संघांत घेतलें. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूस हात लावीत. परंतु चहाच्या वेळीं बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यांतून येई. विटाळ चेंडूला होत नव्हता, तो कपाला होत होता!

पुढें मुंबईस हिंदु जिमखान्याच्या संघांतून खेळूं लागल्यावर त्यांची कीर्ति वाढली. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा पराभव केला, त्यांत त्यांचा मोठा वांटा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानपदाखालीं भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज स्वतः थोडेच सामने खेळले. बाळूंनीं मात्र त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधु शिवराम हेहि त्या संघांत होते. त्यांच्या पाठचे विठ्ठल आणि गणपत हेहि पुढें हिंदु संघांतून खेळले. एका घरांतील चार भाऊ एका संघास पुरविणारें असें उदाहरण आपल्या क्रीडेच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

१९१२ पासून युरोपियन, पारशी, हिंदु व मुसलमान या चार संघांची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. संघ धर्माच्या नांवानें उभे करणें योग्य कीं अयोग्य हा वाद त्या स्पर्धेच्या शेवटापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत चालला. परंतु हिंदु संघापुढें त्याहूनहि आंतला प्रश्न उभा होता. सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू. मग कप्तान बाळू कां नाहींत? हें लोक उघड विचारूं लागले होते. १९१३ सालीं कप्तानपद मिळालेले एम. डी. पै हे सारस्वत गृहस्थ स्वतः उदार मनाचे होते. हा मान ज्येष्ठतेनें व अनुभवानें बाळूंचा होता, असें त्यांनीं सत्काराच्या वेळींच बोलून दाखविलें. कप्तानास जें दिसत होतें तें निवड करणाऱ्यांस दिसत नव्हतें, असें म्हणणें कठीण आहे. तें त्यांस पाहावयाचें नव्हतें, असेंच म्हणावें लागेल.

१९२० सालीं हें गळूं फुटलें. बाळूंचें वय झालें म्हणून त्यांस संघांतून वगळण्यांत आलें. पै आजारी पडले आणि पहिल्या सामन्याचें कप्तानपद पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांस देण्यांत आलें. देवधर हे गुणी फलंदाज होते, यांत संशय नाहीं. पण विठ्ठल व शिवराम हे त्यांच्याहून जुने खेळाडू असतां त्यांचें नांव विचारांतहि घेतलें जाऊं नये, याचें कारण खेळांत सांपडत नव्हतें. दोघे भाऊ संघांतून बाहेर पडले आणि आपली भूमिका त्यांनीं वर्तमानपत्रांतून जाहीरपणें मांडली. कप्तानपद हट्टानें मागावें हा त्यांचा हेतु नव्हता. जन्माच्या जातीमुळें दार बंद आहे, हें त्यांनीं स्पष्ट शब्दांत सांगितलें.

मग वाद मैदानाबाहेर आला. ज्यांचा क्रिकेटशीं संबंध तिकिटापुरता होता, असेहि लोक बोलूं लागले. महात्मा गांधींच्या चळवळीनें अस्पृश्यतेचा प्रश्न त्याच वर्षांत घराघरांत पोंचविला होता. स्वराज्य मागणाऱ्यांनीं आपल्याच बांधवांस अकरा जणांवरचेंहि राज्य नाकारावें कीं काय, हा सवाल टाळतां येण्याजोगा राहिला नव्हता. समितीनें तडजोड केली. अंतिम सामन्यास पै परत आले, बाळूंस उपकप्तान करण्यांत आलें, दोघे बंधु पुन्हां संघांत आले. सामना चालूं असतां पै कांहीं काळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रें बाळूंच्या हातीं राहिलीं. एका थोर खेळाडूच्या वांट्यास आलेलें नेतृत्व तें एवढेंच.

पण घासलेली दोरी दगडासहि कापते. वाद थांबला नाहीं, आणि १९२३ सालीं विठ्ठल पळवणकर हिंदु संघाचे कप्तान झाले. त्याच वर्षीं युरोपियनांस हरवून हिंदूंनीं स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनीं कप्तानास खांद्यावर उचलून घेतलें. ज्याच्या हातचें पाणी घेण्यास पिढ्यान्‌पिढ्या कचरल्या, त्यास त्या दिवशीं खांदा देण्यास गर्दी झाली. एका विजयानें अस्पृश्यता गेली असें कोणी मानूं नये. ती तेव्हां गेली नाहीं. परंतु ‘यांच्या हाताखालीं आमचे खेळाडू खेळणार नाहींत’ ही सबब त्या दिवसानंतर कोणास तोंड वर करून सांगतां येईना. विठ्ठलांनीं पुढें ‘माझें क्रीडा-जीवन’ या नांवानें आत्मवृत्त लिहिलें, तें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें.

जात ही एक अडचण. पदवी आणि पैसा ही दुसरी. १९३२ सालीं इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे कप्तान पोरबंदरचे महाराज होते. आपला खेळ त्या पदास पुरा पडत नाहीं हें ओळखून लॉर्ड्‌सच्या कसोटी सामन्यास ते बाजूस राहिले आणि भारताच्या पहिल्या कसोटीचें नेतृत्व नागपूरचे सी. के. नायडू यांनीं केलें. चार वर्षांनीं, १९३६ सालीं, विजयानगरमच्या महाराजकुमारांस असा संयम साधला नाहीं. त्यांच्या कप्तानपदाखालीं संघांत तट पडले. कप्तान आणि संघाचे मॅनेजर मेजर ब्रिटन जोन्स यांच्याशीं बिनसून लाला अमरनाथांसारखा खेळाडू पहिल्या कसोटीपूर्वींच दौऱ्यावरून घरीं धाडला गेला. एकानें पद सोडून मान मिळविला. दुसऱ्यानें पद धरून तो घालविला.

येथपर्यंत प्रेक्षकांची बाजू उजळ दिसते. तिला काळी कडाहि आहे. १९७१ सालीं निवडसमितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानें पतौडी यांच्याऐवजीं मुंबईचे अजित वाडेकर भारताचे कप्तान झाले. निवडीवर पुष्कळ चर्चा झाली. त्याच वर्षीं वाडेकरांच्या संघानें प्रथम वेस्ट इंडिजमध्यें आणि नंतर इंग्लंडमध्यें मालिका जिंकली. इंग्लंडच्या दौऱ्यावर हेमू अधिकारी हे मॅनेजर होते. लोकांनीं कप्तानास डोक्यावर घेतलें. १९७४ सालीं तोच संघ इंग्लंडमध्यें तीनहि कसोट्या हरला, लॉर्ड्‌सवर तर अवघ्या ४२ धावांत गारद झाला. आणि तेच लोक त्यांच्या घरावर दगड फेकूं लागले. तीन वर्षांत माणूस बदलला नव्हता, धावफलक बदलला होता. पुढें हेच वाडेकर भारतीय संघाचे मॅनेजर झाले आणि १९९३ सालीं भारतानें इंग्लंडला तीन विरुद्ध शून्य अशी धूळ चारली. दगड फेकणारे हात त्या दिवशीं टाळ्या वाजवीत असतील, तर त्यांस दोष देण्यापेक्षां त्यांनीं थोडी आठवण ठेवावी हें बरें.

या सर्वांचा जव्हार-मोखाड्यासारख्या भागाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. मुकणे राजांचें जव्हार संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वस्तीचा हा डोंगराळ मुलूख आधीं ठाणें जिल्ह्यांत व २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. राजे गेले, पण ज्याचा चेंडू त्याचा हुकूम, ही लहानपणची राजनीति गांवच्या मैदानावरून सहजासहजीं जात नाहीं. या डोंगरांतील पोरांच्या पायांत बळ आहे, हें आतां सांगावें लागत नाहीं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत, हरसूलच्या बाजूस असलेल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० च्या दिल्लींतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत दहा हजार मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें, तें सर्व देशानें पाहिलें. डोंगरांतून धांवणारे पाय येतात, हें शहरानें मान्य केलें आहे. त्याच डोंगरांतून संघ निवडणारें डोकें, शिकविणारा गुरु, कारभार पाहणारा मॅनेजर येऊं शकतो, हें मान्य करणें अजून उरलें आहे. बाळूंच्या हातांत चेंडू आनंदानें देणारा समाज सूत्रें देतांना वीस वर्षें अडखळला. तोच अडखळा पुन्हां पुन्हां निराळ्या वेषांत येतो.

म्हणून प्रेक्षकांनीं भांडावें, अवश्य भांडावें. फक्त भांडतांना तीन गोष्टी विचाराव्यात. ज्याचें नांव पुढें येत आहे त्यास खेळ कळतो काय? खेळाडू त्याचा शब्द मानतील काय? आणि ज्याचें नांव पुढें येतच नाहीं, तें कोणत्या कारणानें येत नाहीं? पहिल्या दोन प्रश्नांवर माणसें प्रामाणिकपणें भिन्न मतांचीं असूं शकतात, आणि तेथें हार झाली तरी ती पोटांत घालून नव्या कारभाऱ्यास एक-दोन हंगाम मोकळ्या हातानें काम करूं द्यावें, हेंच शोभतें. तिसऱ्या प्रश्नावर मात्र गप्प बसणें बरें नव्हे. १९२० सालीं कांहीं लोक गप्प बसले नाहींत, म्हणून १९२३ सालीं विठ्ठलांस न्याय मिळाला. आणि त्याआधीं फार लोक फार वर्षें गप्प बसले, म्हणून बाळूंस तो कधींच मिळाला नाहीं.