दप्तर उघडून पाहायला हवं

माझ्या बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट सहकाऱ्यांनो,

मला आज एकाच विषयावर बोलायचं आहे, तो म्हणजे मुलांच्या पाठीवरचं दप्तर.

हा विषय नवा नाही. १९८९मध्ये आर. के. नारायण यांनी राज्यसभेतलं आपलं पहिलं भाषण याच ओझ्यावर केलं. १९९३मध्ये यशपाल समितीचा अहवाल आला. दप्तराच्या वजनापेक्षाही न समजता शिकण्याचं ओझं जास्त घातक आहे, असं त्यात बजावलं होतं. आपल्या राज्याने जुलै २०१५मध्ये शासन निर्णय काढला : दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. तरी पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांना हेच गाऱ्हाणं मांडायला पत्रकार परिषद घ्यावी लागली. रोज आठ विषयांची पुस्तकं-वह्या पाठीवर, आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर! जे आपण बोलायला हवं होतं, ते त्या मुलांना बोलावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आपल्या शास्त्राबद्दल. दप्तरामुळे कणा कायमचा वाकडा होतो, असं पालकांना सर्रास सांगितलं जातं. त्याला पुरावा नाही. स्कोलिओसिस दप्तराने होत नाही. पाठदुखीशी दप्तराचा संबंध किती, यावरही अभ्यासांचं एकमत नाही. तासन्‌तास बाकावर बसणं, मैदान सुटणं, मोबाइल हेही त्यात आहेत. भीती घालून आपण आपलीच विश्वासार्हता घालवतो. जे दिसतं तेच पुरेसं गंभीर आहे. मागे ओझं आलं की तोल सावरायला मूल कमरेतून पुढे झुकतं, मान पुढे काढतं, आणि मान-खांद्याचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. एकाच खांद्यावर दप्तर अडकवलं की तो खांदा वर चढतो, धड दुसऱ्या बाजूला कलतं. अरुंद पट्टा मानेकडून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब आणतो. हाताला मुंग्या येतात, क्वचित हातातली ताकदही कमी होते. जिन्यात तोल जाऊन पडणं वेगळंच. दुखतंय म्हणून मूल खेळायचं सोडतं, हे मला सगळ्यांत जास्त खटकतं.

मध्यंतरी चौथीतली एक मुलगी खांदेदुखीसाठी आली. वजन चोवीस किलो. दप्तर काट्यावर ठेवलं, तर पाच किलोंच्या वर. आईला म्हटलं, आपण ते रिकामं करू. पाठ्यपुस्तकं निघाली, प्रत्येक विषयाच्या दोन-दोन वह्या, एक वर्गपाठाची, एक गृहपाठाची. तीन वर्कबुकं, जाड पुठ्ठ्याची डायरी, कंपासपेटी, रंगपेटी, डबा आणि भरलेली लिटरची बाटली. नुसती बाटलीच किलोभर. “शाळेतलं पाणी पिऊ नकोस, असं मीच सांगितलंय,” आई म्हणाली. तिचं चुकलं, असं मला म्हणवेना.

२०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात चौथीसाठी कमाल मर्यादा अडीच किलो आहे. त्या मुलीच्या बाटली-डब्यातच त्यातला मोठा हिस्सा संपतो. म्हणूनच शाळेत पिण्यायोग्य पाणी आणि चांगलं मध्यान्ह भोजन द्यावं, असं ते धोरण सांगतं. आपण मात्र चिठ्ठीवर ‘दोन्ही पट्टे लावा, ताठ चाला’ एवढंच लिहून मोकळे होतो. पट्टे रुंद हवेत, दप्तर पाठीला चिकटून कमरेच्या वर राहावं, जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात, हे सगळं बरोबरच आहे. पण त्याने पाच किलोंचे अडीच किलो होत नाहीत.

वजन कमी होतं ते शाळेच्या वेळापत्रकातून. २०२३मध्ये बालभारतीने पुस्तकांचे भाग करून त्यातच लिहायला कोरी पानं जोडली. हेतू चांगला होता. पण वर्गात वेगळ्या वह्या मागणं थांबलं नाही, आणि २०२५मध्ये ती पानं बंद करावी लागली. वर्गात उद्या नेमकं काय लागणार हे शिक्षकांनी आदल्या दिवशी सांगणं, वर्कबुकं वर्गातल्या कपाटात ठेवणं, वर्गपाठ-गृहपाठाची एकच वही करणं, यांना पैसा लागत नाही. पाण्याला मात्र लागतो. टाकी धुणं, पाणी नियमित तपासून घेणं, नळ चालू ठेवणं हा खर्च कोणीतरी उचलायला हवा, आणि ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडे तो मागताना डॉक्टरची सही असेल तर त्या अर्जाला वजन येतं.

म्हणून आपल्या संघटनेच्या दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे मी एक ठराव ठेवते आहे. पाठ, मान किंवा खांदा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या केसपेपरवर त्याच्या वजनाशेजारी दप्तराचं वजन लिहावं आणि आत काय होतं, तेही नोंदवावं. दर सहामाहीला त्या नोंदी, मुलांची नावं वगळून, संबंधित मुख्याध्यापकांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवाव्यात. प्रत्येक शाखेने आपल्या भागातली निदान एक शाळा पाण्यासाठी निवडावी. ठरावाचा मसुदा नोंदणी कक्षात ठेवला आहे. दुरुस्त्या जेवणापूर्वी सचिवांकडे द्याव्यात.