उन्हाळ्याची सुटी आणि पदार्थविज्ञान



मराठीच्या अध्यापकाने पदार्थविज्ञानावर बोलावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु उज्जयिनीला हा विषय परका नाही. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात क्षिप्रेकाठी उभारलेल्या वेधशाळेचा १९२३ साली माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने ती चालती ठेवली. २१ जूनच्या सुमारास तेथे मध्यान्ही शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. भर उन्हाळ्यात उभे राहून पाहावे, असे हे विज्ञान आहे.

आपल्या बी.एस्‌सी.च्या प्रयोगशाळेत मात्र उत्तर आधीच ठाऊक असते. विद्यार्थी आकडे त्याच्याशी जुळवून मोकळा होतो. ज्याचे उत्तर मार्गदर्शकालाही माहीत नाही, अशा प्रश्नापाशी दोन महिने बसणे ही निराळीच गोष्ट आहे. आपल्या भैरवगढचे छिपे हे जाणतात. कापडावरची छपाई पुस्तक वाचून येत नाही, ती जाणत्याच्या शेजारी बसूनच हाती येते.

असे शेजारी बसण्याची सोय आज आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करतो आणि त्याला विद्यावेतनही मिळते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या प्रारंभीच्या वर्षांतील मुलांसाठीच उपक्रम सुरू केला. पुण्याला जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या ‘आयुका’नेही सुटीतील विद्यार्थ्यांना दार उघडले.

मग आपली मुले तेथे का दिसत नाहीत? बुद्धी कमी म्हणून नव्हे. उन्हाळ्याचा विचार आपण परीक्षा संपल्यावर करतो. अकादमींचे अर्ज मात्र साधारणतः हिवाळ्याच्या तोंडाशीच मागवले जातात. एप्रिलमध्ये चौकशीला आलेल्या विद्यार्थ्याला ‘पुढच्या वर्षी’ एवढेच सांगता येते, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलीला पुढचे वर्ष नसते. तोवर घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

शिवाय अर्जासोबत, आपल्याला काय शिकायचे आहे, याचे छोटे टिपण लागते. तेथे कोणाची तरी उसनी वाक्ये उतरवून भागत नाही. या कामी भाषेचा अध्यापक थोडाफार उपयोगी पडू शकेल.

म्हणून माझी ग्रंथालयाला विनंती आहे की, दिवाळी अंकांची यादी लावता त्याच फळ्यावर दसऱ्यापासून या अर्जांच्या तारखाही लावाव्यात. टिपणे तपासायला रविवारी सकाळी मी वाचनालयात बसेन.