राख, विहीर आणि आपण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विज्ञानावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. चंद्र-ताऱ्यांपेक्षा विहिरीविषयी बोलणे मला अधिक निकडीचे वाटते.

नागपूरजवळ कोराडी व खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. आपल्या देशातील कोळशात साधारणपणे ३० ते ४५ टक्के राख असते. कोळसा जळतो, परंतु त्यातील आर्सेनिक, बोरॉन यांसारखी द्रव्ये बहुतांशी राखेतच साठून राहतात. ही राख पाण्यात कालवून मोठ्या तलावात सोडण्याची पद्धत आहे. तलावाच्या तळाशी पक्के अस्तर नसेल, तर चहाच्या पुडीतून रंग उतरावा तशी ही द्रव्ये पाण्याबरोबर जमिनीत उतरतात. राख टाकणे थांबले, तरी पाऊस पडतच राहतो!

१६ जुलै २०२२ रोजी कोराडीच्या खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले. ते सर्वांना दिसले. जमिनीखालचे झिरपणे कोणाला दिसणार? मंथन अध्ययन केंद्र व सहकारी संस्थांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या परिसरातील पाण्यात आर्सेनिक, पारा अशी द्रव्ये आढळली होती.

आपल्या माता-भगिनी पाणी गाळून, उकळून मुलांना देतात. रोगजंतूंसाठी ते योग्यच आहे व ते सोडू नये. मात्र आर्सेनिक उकळून जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षे पोटात गेल्यास त्वचेवर डाग पडतात, कर्करोगही संभवतो. म्हणून पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे केवळ ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे.

राखेपासून सिमेंट व विटा बनतात, त्याला माझा विरोध नाही. तेथे राख बांधली जाते. परंतु फुकट मिळते म्हणून विहिरीशेजारचा खड्डा किंवा शाळेचे मैदान नुसत्या राखेने भरणे मला मुळीच मान्य नाही.

राखेच्या तलावाजवळ राहणाऱ्या पालकांनी विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रयोगशाळेत द्यावे. नेहमीच्या तपासणीत हे घटक असतीलच असे नाही. तेव्हा अर्जात आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम व पारा ही नावे स्पष्ट लिहावीत. अर्ज लिहिण्याचे काम आपल्या दहावीच्या मुला-मुलींना सहज जमेल.